अंबाझरी ते अरबी समुद्र : उपग्रहाच्या नजरेने पाणी कसं तपासावं

नागपूरहून मुंबईचा समुद्र सरळ रेषेतही सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. तरी या शहराचं सांडपाणी रोज समुद्राच्या वाटेला लागलेलं असतं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात उतरते. किनाऱ्यावरच्या पाण्याची सुरुवात कुठल्या तरी गावातल्या नाल्यात झालेली असते. म्हणून किनाऱ्याचं प्रदूषण आणि पाण्याचं तापमान उपग्रहाने कसं पाहतात, हे शिकायला समुद्रकाठीच राहावं लागतं असं नाही. उलट माझा आग्रह असा, की हे काम आधी आपल्या घराजवळच्या तलावावर शिकावं आणि मग समुद्राकडे वळावं.

त्याला कारण आहे. उपग्रहाच्या चित्रात पाण्याचा रंग बदललेला दिसला, की त्याच दिवशी काठावर जाऊन पाणी बघावं लागतं. नागपूरच्या विद्यार्थ्याला ठाण्याच्या खाडीवर ते जमणार नाही. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर अर्ध्या तासात जमेल. शिवाय या शहराचं एक भाग्य आहे, ज्याची आपल्यालाच फारशी जाणीव नसते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, इथेच व्हीएनआयटीच्या आवारात आहे. इस्रोचं मध्य विभागाचं सुदूर संवेदन केंद्र अमरावती मार्गावर आहे. पाण्याच्या तपासणीत देशभर नाव असलेली नीरी १९५८ पासून इथेच आहे. उपग्रहाची चित्रं वाचणारे आणि पाण्याचे नमुने तपासणारे एकाच शहरात असणं फार थोड्या गावांच्या नशिबी येतं.

हा लेख महाविद्यालयीन विद्यार्थी, भूगोल आणि विज्ञानाचे शिक्षक, तलाव वाचवण्यासाठी धडपडणारे गट आणि मासेमारी सहकारी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. लागणारी चित्रं फुकट मिळतात. एक साधा संगणक, बरं इंटरनेट आणि नियमितपणा एवढं भांडवल पुरतं.

लोणारने शिकवलेली गोष्ट

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, ते आपल्याला आठवत असेल. लँडसॅट-८ या अमेरिकी उपग्रहाने २५ मे रोजी टिपलेल्या चित्रात सरोवर हिरवट होतं आणि १० जूनच्या चित्रात गुलाबी. दोन चित्रांमध्ये नेमके १६ दिवस होते, कारण हा उपग्रह त्याच जागेवरून दर १६ दिवसांनी जातो. नासाने ती चित्रं जगासमोर ठेवली आणि बदल कधी झाला याबद्दल वादाला जागा उरली नाही.

पण गुलाबी का झालं, हे त्या चित्रांतून कुणालाही सांगता आलं नसतं. त्या दिवसांत तर्कांना ऊत आला होता. अखेर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणात लक्ष घातलं, नीरीने पाणी तपासलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सूक्ष्मजीव पाहिले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला, असं निदान झालं. पाणी आटलं, क्षार वाढले आणि त्या जीवांना अनुकूल काळ मिळाला. म्हणजे इतका ठळक रंगबदल होऊनही तो कुणा कारखान्याचा अपराध नव्हता.

या एका प्रकरणात आपल्या कामाची सगळी शिस्त आली. बदल कुठे आणि कधी झाला हे उपग्रह सांगतो. का झाला, हे पाण्याने भरलेली बाटली सांगते. या दोघांची गल्लत केली की चांगल्या हेतूने केलेली तक्रारही पहिल्याच सुनावणीत कोसळते.

उपग्रहाला पाण्यातल्या मोजक्याच गोष्टी दिसतात, त्या नीट लक्षात ठेवा. शेवाळ आणि त्यातलं हरितद्रव्य, गाळामुळे आलेला गढूळपणा, कुजलेल्या पानांचा तपकिरी रंग, तरंगती जलपर्णी, पाण्याच्या विस्ताराची कडा, पृष्ठभागाचं तापमान आणि रडार असेल तर तेलाचा तवंग. यापलीकडचं काही नाही. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, मैल्यातले जिवाणू, पारा, शिसं, नायट्रेट यांतलं काहीही अवकाशातून थेट दिसत नाही. सांडपाणीसुद्धा सांडपाणी म्हणून दिसत नाही. त्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं शेवाळ किंवा जलपर्णी दिसते. उपग्रहाच्या चित्रावरून अमुक तलावात जड धातू सापडल्याचं कुणी सांगितलं, तर त्याला प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

कोणता उपग्रह, केवढं पाणी

नवखे लोक इथेच अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी २०१५ आणि २०१७ मध्ये सोडलेल्या उपग्रहांनी पूर्ण झाली. तिच्यामुळे एकाच जागेचं चित्र दर ५ दिवसांनी मिळतं. तिच्या काही रंगपट्ट्यांत चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो, काहींत २० मीटर. लँडसॅट-८ आणि लँडसॅट-९ मिळून दर ८ दिवसांनी येतात. त्यांचं दृश्य प्रकाशातलं चित्र ३० मीटरचं असतं. उष्णता टिपणारा संवेदक मात्र मुळात १०० मीटरचा आहे, जरी ते चित्र आपल्याला ३० मीटरच्या ठिपक्यांत मांडून दिलं जात असलं तरी.

आता फुटाळ्याचा हिशेब करा. तलाव सुमारे ६० एकर, म्हणजे साधारण २४ हेक्टर. १० मीटरच्या चित्रात त्यावर जवळपास २,४०० ठिपके बसतात. एवढ्यात शेवाळ कुठून कुठे सरकलं हे छान कळतं. तापमानाच्या चित्रात मात्र एक ठिपका एक हेक्टरचा, म्हणून २४ ठिपके. त्यातले काठावरचे रस्ता, चौपाटी आणि झाडांची उष्णता मिसळून बिघडलेले. मधले थोडे ठिपके तेवढे भरवशाचे. म्हणून फुटाळ्याच्या तापमानाबद्दल बोलताना मधल्या भागाची एक सरासरी द्यावी. या कोपऱ्यात गरम आणि त्या कोपऱ्यात गार, असली विधानं टाळावीत.

शहरातून वाहणारी नाग नदी बहुतेक ठिकाणी इतकी अरुंद आहे, की तिच्या पात्रावर धड दोन ठिपकेही बसत नाहीत. तिचं पाणी उपग्रहाने तपासण्याचा हट्ट धरू नका, हाती येईल ते काठाचं आणि काँक्रिटच्या भिंतींचं चित्र असेल. किमान तीन ठिपक्यांची रुंदी असेल तिथेच हात घालावा, पाच-सहा असतील तर उत्तम. नाग नदीने काय वाहून नेलं ते पाहायचं असेल, तर गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याकडे जा. तिथे पाणी भरपूर रुंद आहे.

चित्र उघडून बघू या

कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा. नुसतं पाहायला खातं लागत नाही. आलेख काढायला आणि चित्र उतरवून घ्यायला लागतं, तेही विनामूल्य. शोधपट्टीत नागपूर घालून अंबाझरीवर या. सेंटिनेल-२ चा एल-२-ए हा संच निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा आणि गेल्या ऑक्टोबरपासूनच्या तारखा एकेक करून उघडा. पहिल्या दिवशी कुठलंही सूत्र लावू नका. फक्त नैसर्गिक रंगातली पंधरा-वीस चित्रं पाहा. डोळ्याला आपल्या तलावाची सवय झाली, की सूत्र चुकलं तर लगेच खटकतं, आणि ही सवय दुसऱ्या कशाने येत नाही.

मग आभासी रंगाचं चित्र लावा, ज्यात झाडं लाल आणि पाणी काळंभोर दिसतं. अंबाझरीत लाल चकंदळं दिसली तर ती जलपर्णी. वाडी आणि हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्याकडून येणाऱ्या पाण्यावर या तलावात जलपर्णीने किती थैमान घातलं, हे नागपूरकरांनी गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिलं आहे. एका तारखेला दक्षिण काठाशी असलेली लाली पाच दिवसांनी उत्तरेला गेली असेल, तर ती वाऱ्याने हलणारी जलपर्णीच. जागची हलली नसेल, तर काठाला रुजलेलं गवत किंवा लव्हाळं असू शकतं.

इथे एक मोठा सापळा आहे. पाण्याचा विस्तार काढायला एनडीडब्ल्यूआय नावाचं सूत्र वापरतात. हिरव्या पट्ट्यातून निकट-अवरक्त पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. सेंटिनेलसाठी (बी३ − बी८) ÷ (बी३ + बी८). मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेलं हे सूत्र सोपं आणि भरवशाचं आहे. पण जलपर्णीने झाकलेलं पाणी त्याला जमीन वाटतं. नुसतं हे सूत्र चालवलं तर जलपर्णी वाढत असताना तलाव आटतोय असा आलेख येतो आणि ती काढून टाकल्यावर पाऊस न पडताही तलाव भरल्यासारखा दिसतो. म्हणून तलाव पूर्ण भरलेला असतानाची कडा एकदा आखून ठेवा आणि त्या कडेच्या आत उघडं पाणी किती, हिरवं आच्छादन किती, असे दोन आकडे वेगवेगळे नोंदवा. आच्छादन मोजायला वनस्पतीचं नेहमीचं सूत्र, एनडीव्हीआय, पुरतं.

उघड्या पाण्यातल्या शेवाळासाठी एनडीसीआय घ्या : (बी५ − बी४) ÷ (बी५ + बी४). बी४ हा तांबडा पट्टा, ज्यात हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतं; बी५ त्याच्या जरा पुढचा, सुमारे ७०५ नॅनोमीटरचा, जिथे शेवाळाचं पाणी चमकतं. शेवाळ वाढलं की दोघांतला फरक वाढतो. हे सूत्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गढूळ खाड्यांसाठी. समुद्रासाठी पूर्वीपासून वापरात असलेली निळ्या-हिरव्या रंगाच्या गुणोत्तराची सूत्रं गाळामुळे फसतात, हे त्यामागचं कारण. आपल्या तलावांचं पाणीही तसंच गढूळ असल्यामुळे किनाऱ्यासाठी घडवलेलं हे हत्यार नागपुरात चांगलं चालतं. तिथल्या पाण्यावर ठरवलेल्या हरितद्रव्याच्या पायऱ्या मात्र इथे जशाच्या तशा लावू नका. अंबाझरीची तुलना अंबाझरीशीच करा : गेल्या जानेवारीशी या जानेवारीची, नाला येतो त्या पश्चिमेकडच्या भागाची धरणाच्या भिंतीजवळच्या भागाशी. सूत्र लावताना जलपर्णीचे ठिपके आधी वगळा, आणि काठापासून दोन ठिपके आत या. काठावरच्या झाडांचा प्रकाश हवेत विखुरून शेजारच्या पाण्यात मिसळतो आणि स्वच्छ पाणीही हिरवं भासतं.

आणखी तीन गोष्टींवर नजर ठेवा. ढगाची सावली पाण्यावर पडली की ते गडद आणि स्वच्छ वाटतं. आजूबाजूला त्याच आकाराचा पांढरा ढग शोधा, सापडतोच. मेअखेर आणि जुलैच्या मध्यास नागपुरात सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत सकाळीही तो इतका चढलेला असतो, की पाण्यावरची चकाकी संवेदकात शिरते आणि सगळे आकडे फुगतात. तिसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण तिच्यामुळे अनेकांचे प्रबंध अडचणीत येऊ शकतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १,००० ची भर घालून ते देण्याची पद्धत सुरू झाली. मूळ फाइल उतरवून घेऊन २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याने ही भर वजा केली नाही, तर त्याला एका रात्रीत पाणी बदलल्याचा साक्षात्कार होईल. गुगल अर्थ इंजिनवर काम करत असाल, तर 'हार्मनाइज्ड' नावाचा संच घ्या. त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

पावसाळ्यात ही सगळी चित्रं ढगाखाली जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं, किंवा जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, असे प्रसंग नेमके ढगांच्या दिवसांतच येतात. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार चित्र पाहावं. ते ढगातून आणि रात्रीही पाहतं, पाणी कुठवर पसरलं ते दाखवतं. पाण्याचा रंग मात्र दाखवत नाही. रंगाचा अभ्यास ऑक्टोबर ते मे या काळातच होतो, आणि तेवढा पुरेसा असतो.

पाण्याचं तापमान

तापमानासाठी लँडसॅटचा दुसऱ्या पातळीचा संच घ्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर तो मिळतो. लँडसॅटची सगळी जुनी चित्रं २००८ पासून विनामूल्य झाली आहेत, त्यामुळे आपल्या तलावाचा १९८० च्या दशकापासूनचा इतिहास घरबसल्या काढता येतो. एखाद्या शाळेने किंवा महाविद्यालयाने हे काम मनावर घेतलं, तर नागपूरच्या तलावांवर त्याहून मोलाचा दस्तऐवज दुसरा नसेल.

तापमानाच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यावर एक मोठी संख्या असते. तिला ०.००३४१८०२ ने गुणा, १४९ मिळवा, आणि आलेल्या केल्विनमधून २७३.१५ वजा करा. संख्या ४४,५०० असेल तर उत्तर येतं २७.९५ अंश सेल्सिअस. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे गणित एका ओळीत होतं.

हे तापमान पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याचं असतं, मिलिमीटरच्याही अंशाचं. बिनवाऱ्याच्या मे महिन्यातल्या सकाळी वरचा थर तापलेला आणि हातभर खाली पाणी बरंच गार असू शकतं. वारा असेल तर पाणी ढवळलं जातं आणि दोन्ही जवळ येतात. म्हणून वाऱ्याची नोंद केल्याशिवाय पाण्याच्या तापमानाची नोंद पुरी होत नाही. लँडसॅट नागपूरवरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातो. दुपारचा चटका किंवा पहाटेचा गारवा त्याला ठाऊक नसतो. त्या वेळा हव्या असतील, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ पासून असलेल्या इकोस्ट्रेस या उपकरणाची चित्रं शोधा. ती सुमारे ७० मीटरची असतात आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेली असतात, मात्र ठरलेल्या अंतराने येत नाहीत.

एका तलावाचं तापमान एकटं पाहू नका. त्याच चित्रातल्या दुसऱ्या, साधारण तेवढ्याच खोलीच्या पाण्याशी तुलना करा. अंबाझरी आणि गोरेवाडा दोघंही दोन अंशांनी चढले असतील तर ती हवेची करणी. एकच चढला असेल आणि तसं सलग तीन-चार चित्रांत दिसलं असेल, तर तपास करण्याजोगं काही आहे. कोराडी-खापरखेडा परिसरातल्या जलाशयांकडे आणि राखेच्या तळ्यांकडेही याच पद्धतीने पाहता येतं. राखेचं तळं मात्र उथळ आणि पांढरट असतं. त्याचं तापमान तलावाच्या तापमानाशी ताडू नये.

बाटली, दोरी आणि थाळी

काठावरच्या कामाला फार सामग्री लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची एक थाळी घ्या, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि दर १० सेंटिमीटरवर खूण केलेल्या दोरीने पाण्यात सोडा. थाळी दिसेनाशी होते ती खोली लिहून घ्या. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रावर वापरलेली ही युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. तिच्यासोबत एक साधा जलरोधक थर्मामीटर, स्वच्छ बाटल्या आणि जागेची नोंद करणारा फोन असला की झालं.

सेंटिनेल नागपूरवरून पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान जातो. पुढच्या फेरीची तारीख पाच-पाच दिवस मोजून आधीच काढता येते. त्या दिवशी त्या वेळेच्या आगेमागे दोन-तीन तासांत मोजमाप घ्या. थाळीची खोली, एक वीत खालचं तापमान, वारा, ढग, पाण्याचा वास, मासे मेले आहेत का, शेजारी मूर्ती विसर्जन, कपडे धुणं किंवा जलपर्णी काढण्याचं काम झालं होतं का, हे सगळं एकाच वहीत. काठावरून मोजू नका, तिथे तळ दिसतो. ढीवर बांधवांच्या नावेतून, त्यांच्यापैकी कुणाला सोबत घेऊन आणि जीवरक्षक जाकीट घालून आत जा. पाण्याचा रंग कधी फिरला, मासळी कुठे दिसेनाशी झाली हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं. त्यांनी सांगितलेली तारीख वहीत लिहा आणि घरी येऊन त्या तारखेचं चित्र उघडा. माझ्या मते या कामाचा सगळ्यात सुपीक भाग हाच आहे, आणि संगणकापुढे बसणारे लोक नेमका हाच टाळतात.

नमुना तपासायला द्यायचा तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या. बाटली कशी धुवायची, थंड कशी ठेवायची, किती तासांत पोचवायची हे आधी विचारून घ्या, कारण जिवाणूंच्या तपासणीत उशीर झाला की निकाल निरुपयोगी होतो.

तलावावर हात बसला की गोसीखुर्द घ्या. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात नागपूरचं पाणी येऊन साचतं, आणि जलपर्णीची तक्रार भंडाऱ्यापर्यंत आहे. इथे एकाच चित्रात वैनगंगेचं वरून येणारं पाणी आणि कन्हानमार्गे आलेलं पाणी शेजारी शेजारी दिसतं. आंभोऱ्याच्या संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर एकेक चौकट आखा, खाली तिसरी आखा आणि तिन्हींचा एनडीसीआय महिन्यागणिक नोंदवत जा. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९०० कोटी रुपयांहून मोठी योजना मंजूर आहे. तिच्यामुळे पाणी खरोखर सुधारलं का, हे पुढे ताडायचं असेल तर आधीची स्थिती आत्ताच नोंदवून ठेवायला हवी.

मग समुद्र

हीच पद्धत किनाऱ्यावर नेताना सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी ठेवा. मुंबईजवळ मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. त्यामुळे ठाण्याच्या खाडीचं भरतीच्या वेळचं चित्र आणि ओहोटीच्या वेळचं चित्र यांत दिसणारा फरक प्रदूषणाचा नसतो, चिखलाचा असतो. दोन तारखांची तुलना करायची तर भरतीची अवस्था सारखी असलेल्याच तारखा निवडा.

तापमानाचं उदाहरण म्हणून तारापूर पाहा. १९६९ पासून चालू असलेलं हे अणुवीज केंद्र थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी घेतं आणि गरम करून परत सोडतं. लँडसॅटच्या उष्णतेच्या चित्रात असा गरम पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत शोधता येतो. भरतीच्या दिशेनुसार तो कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला वळलेला असतो. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांसाठी आपल्याकडे नियम आहे, की सोडलेल्या पाण्यामुळे आसपासच्या पाण्याचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. गरम पट्टा आणि दूरचं खुलं पाणी यांतला फरक चित्रातून काढता येतो, पण नियम मोडला की नाही हे ठरवायला पाण्यातलं मोजमापच लागतं. १०० मीटरच्या ठिपक्यात पाइपाच्या तोंडाशी असलेलं सगळ्यात गरम पाणी सरासरीत हरवून जातं.

खुल्या समुद्रासाठी ठिपका मोठा चालतो. सेंटिनेल-३ चं रंगाचं चित्र ३०० मीटरचं आहे; इस्रोने २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेला ओशनसॅट-३ समुद्राचा रंग टिपतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांची सांगड घालून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कोळी बांधवांना कळवते आणि शेवाळ फोफावल्याची माहितीही देते. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने आपलं चित्र या माहितीशी रोज ताडून पाहावं. तेलाचा तवंग शोधायचा असेल तर रडार. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेही भर पावसाळ्यात. तेलाखाली लाटांची बारीक खरखर दबते, म्हणून रडारच्या चित्रात तिथे काळा डाग दिसतो. वारा अगदी पडला असेल तर स्वच्छ पाणीही काळं दिसतं, म्हणून वाऱ्याची नोंद इथेही हवीच.

वर्षभराची वही तयार झाली, की ती कपाटात ठेवू नका. तलावाची कडा, दर महिन्याचं उघडं पाणी आणि जलपर्णी, शेवाळाचा आलेख, थाळीची खोली आणि प्रयोगशाळेचे अहवाल असं सगळं तारखेनिशी एकत्र करून महानगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाला द्या. आपली चौकट कुठे आखली, कोणतं सूत्र वापरलं आणि कोणत्या तारखा ढगांमुळे वगळल्या तेही लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तेच चित्र उघडून पडताळता येईल. पत्रात कुणा कारखान्याचं किंवा वसाहतीचं नाव घालून आरोप करू नका; या तारखेपासून या जागी बदल दिसतो, नमुन्यात हे सापडलं, उगम शोधावा, एवढंच मागा. अशा नेमक्या मागणीला उत्तर द्यावंच लागतं.

येत्या ऑक्टोबरमध्ये आकाश निवळलं की तुमच्या घराजवळचा एक तलाव निवडा, त्याची कडा आखा आणि दर पाच दिवसांनी त्याच्याकडे बघायला सुरुवात करा.